कागदाला ९२, डेटाला भोपळा

एआय एजंटच्या 'स्किल'ला गुण वाटण्याची साथ आली आहे. एक तक्ता असतो. शीर्षक आहे? दहा गुण. वर्णन नेमकं आहे? पंधरा. उदाहरणं आहेत? वीस. सावधगिरीचा परिच्छेद आहे? घ्या आणखी दहा. अशी बेरीज होत होत ९२ येतात आणि वर 'प्रोडक्शनसाठी सज्ज' असा शिक्का बसतो. या सगळ्या सोहळ्यात एका टेबलातून दुसऱ्या टेबलात एक ओळसुद्धा हललेली नसते. आणि स्किल कशाचं होतं? डेटा इकडून तिकडे नेण्याचं!

स्किल हा प्रकार अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणला. एक फोल्डर, त्यात 'स्किल डॉट एमडी' नावाची फाइल, डोक्यावर नाव आणि वर्णन, खाली सूचना, हव्या तर सोबत स्क्रिप्ट. एजंटला आधी फक्त नाव आणि वर्णन दिसतं. हातातलं काम जुळतंय असं वाटलं तरच तो पुढचं वाचतो. कल्पना उत्तम आहे. एअरबाइट, डीबीटी, एअरफ्लो यांसारख्या डेटा हलवणाऱ्या-घडवणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं घासून मिळालेलं शहाणपण एजंटच्या हाती देता येईल, ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तिच्या नावाने चाललेला हा पोरखेळ बघवत नाही.

तक्ता भरतं कोण? एक भाषामॉडेल. पुष्कळदा तेच, ज्याने स्किल लिहिलं आणि जे उद्या ते चालवणार. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच! न्यायाधीश म्हणून बसवलेल्या मॉडेलांचे दोष २०२३ च्या एमटी-बेंच अभ्यासाने नोंदवून ठेवले आहेत: आधी दाखवलेल्या उत्तराकडे कल आणि लांबलचक उत्तराची भुरळ. हे जगजाहीर असताना पाल्हाळ लावणाऱ्या स्किलला जास्त गुण मिळतात आणि कोणाला लाज वाटत नाही. यामागचा तर्क तर बघा. मॉडेलला या साधनांचे बारकावे कळत नाहीत, म्हणून स्किल लिहायचं. ते बारकावे बरोबर उतरलेत का, हे त्याच मॉडेलला विचारायचं. यापेक्षा उघडीनागडी विसंगती शोधून सापडणार नाही.

आणि तो सावधगिरीचा परिच्छेद! 'प्रोडक्शनमध्ये काहीही पुसू नये' असं वाक्य लिहिलं की दहा गुण. जुलै २०२५ मध्ये रिप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटला बदल करू नकोस असं स्पष्ट बजावलेलं होतं. त्याने प्रोडक्शन डेटाबेस पुसला. हे घडायलाच नको होतं, हे कंपनीच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावं लागलं. सूचना होती, पाळली गेली नाही. मग सूचना असण्याचे गुण कसले देता?

डेटा इंटिग्रेशनमध्ये सर्वांत घातक चूक आवाज करत नाही, हे या परीक्षकांच्या गावीच नाही. एक उदाहरण घ्या. ॲमेझॉन रेडशिफ्टमध्ये व्हारकॅर कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. कॉलम २० चा असेल तर 'कॉपी' कमांड चूक दाखवते. उपकारच म्हणायचे. आता आपला ९२ गुणांचा एजंट ती चूक 'सोडवतो': 'ट्रंकेटकॉलम्स' हा पर्याय जोडून मोकळा होतो. जॉब हिरवा. टेबलात 'महाराष'. राज्याचं नाव कापलं गेलं आणि लॉगमध्ये यशाची नोंद!

आणखी हवं? भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. तारीख यूटीसीने लावली की पहाटे साडेपाचच्या आतला व्यवहार आदल्या दिवशी जाऊन पडतो, एक तारखेला तर मागच्या महिन्यात. 'शेवटचा बदल कधी' या कॉलमवर चालणारं इन्क्रिमेंटल सिंक नव्या आणि बदललेल्या ओळी आणतं. स्रोतातून कायमची पुसलेली ओळ त्याला दिसतच नाही. बंद झालेलं खातं वेअरहाऊसमध्ये सुखाने नांदत राहतं. यातली एक तरी चूक स्किलची फाइल वाचून पकडता येईल का?

परीक्षा घ्यायची तर अशी घ्या. पोस्टग्रेसचा एक स्रोत आणि एपीआयचा एक स्रोत उभा करा. त्यांत मुद्दाम खोड्या पेरा: पुसलेल्या ओळी, उशिरा पोचणाऱ्या ओळी, मध्येच नाव बदललेला कॉलम, चौथ्या पानावर ४२९ ('विनंत्या फार झाल्या') ही चूक फेकणारं एपीआय. एजंटला कामाला लावा आणि मुक्कामी पोचलेला डेटा स्रोताशी ओळीगणिक ताडून पाहा. तेच काम पुन्हा चालवा. ओळी दुप्पट झाल्या तर स्किल नापास. मग स्किल काढून घ्या आणि तोच एजंट तसाच पळवा. निकाल सारखाच आला, तर तुमचं स्किल फक्त टोकन खात होतं. असंबद्ध कामही देऊन बघा; तिथे स्किलने तोंड घातलं तर तेही नापास.

एकदा जमलं म्हणून टाळ्या पिटू नका. ओपनएआयच्या २०२१ च्या ह्यूमनइव्हल या कोडिंग चाचणीपासून 'पास-ॲट-के' रूढ झालं: अनेक प्रयत्नांत एक जमला तरी पास. कोडचे दहा नमुने काढून त्यातला चालणारा निवडायचा असेल तर ते ठीक. पण रोज रात्री दोन वाजता धावणाऱ्या पाइपलाइनला निवड कुठली? तिथे २०२४ च्या टाऊ-बेंच या एजंट-चाचणीने मांडलेला 'पास-हॅट-के' हवा: सगळे प्रयत्न जमले तरच पास. एका खेपेला ९० टक्के यश देणारा एजंट सलग आठ खेपा बिनचूक करण्याची शक्यता, खेपा एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, ४३ टक्के. नाणं उडवलं तर याहून बरं!

'हे फार खर्चिक आहे, वेळ लागतो,' असं रडगाणं लगेच सुरू होतं. पोस्टग्रेस फुकट आहे. डॉकर मिनिटांत उभा राहतो. महाग आहे ती विचार करण्याची तयारी, आणि तीच वाचवण्यासाठी हा तक्त्यांचा थाट मांडला आहे. वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. नाव अर्धं कापलं गेलेला माणूस कागदपत्रं घेऊन खिडकीपाशी उभा राहतो आणि 'सिस्टीममध्ये असंच आहे' हे उत्तर ऐकून परत जातो. त्याला गुणांचा तक्ता माहीत नाही. त्याला आपलं पूर्ण नाव हवं आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

तेव्हा कोणी स्किलचे गुण मिरवत आला की तीन गोष्टी मागा. कुठल्या खोड्या पेरल्या होत्या? सलग किती खेपा चालवलं आणि किती बिघडल्या? स्किलशिवाय निकाल काय होता? तिन्हींची उत्तरं नसतील तर ते प्रमाणपत्र केराच्या टोपलीत टाका आणि त्या एजंटला डेटाबेसमध्ये लिहिण्याची परवानगी देऊ नका.