सोंगाला कापड कोणी दिले?

आमच्या पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात पूर्वी माणसाला आपली ओळख पटवावी लागत नसे. अमक्याचा नातू, तमक्या पाड्यावरचा, एवढे सांगितले की काम भागे. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र चालू झाले, पुढे कारखान्यांची वसाहत वाढली आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे पोटासाठी येथे आली. ती आली याबद्दल आमची तक्रार नाही; घाम गाळून खाणारा तो आमचाच. परंतु चाळीतल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा आजा कोण, हे शेजाऱ्यास ठाऊक नसते, आणि भामट्याला एवढी फट पुरते. म्हणून आज आम्ही एका नाटकातल्या भामट्याविषयी लिहिणार आहो. नाटक जुने आहे, भामटा जुना झालेला नाही.

‘तो मी नव्हेच’ हे आचार्य अत्रे यांचे नाटक 1962 सालच्या ऑक्टोबरात प्रथम रंगभूमीवर आले. काझी खटला म्हणून गाजलेल्या एका खऱ्या प्रकरणावरून ते रचलेले आहे. त्यातली पाच सोंगे प्रभाकर पणशीकर यांनी एकट्याने वठविली, आणि प्रसंग झरझर बदलावेत म्हणून फिरता रंगमंच आणला. कथा थोडक्यात अशी की, एक इसम ठिकठिकाणी निरनिराळ्या नावांनी वावरतो, बायकांशी लग्ने लावतो, पैसा-दागिना उचलतो आणि पसार होतो. पुढे कोर्टात उभा केल्यावर म्हणतो, ज्याला तुम्ही शोधता तो माणूस मी नाहीच.

प्रेक्षक त्याच्या चलाखीला टाळ्या देतात. आम्हांस मात्र त्याने निवडलेली नावे अधिक बोलकी वाटतात. दिवाकर दातार. दाजीशास्त्री दातार. कॅप्टन अशोक परांजपे. राधेश्याम महाराज. पाहा, यांत एक तरी सुतार, कुंभार, माळी किंवा कोळी आहे काय? मुलगी पटकन मिळावी, दाराशी पाट मांडला जावा, घरच्या कर्त्याने फारशी विचारपूस करू नये, यासाठी त्याने बरोबर अशीच नावे उचलली, ज्यांच्यापुढे आमच्या समाजाची मान आपोआप लवते. उच्च मानलेले आडनाव, शास्त्रीपण, पलटणीचा हुद्दा आणि भगवे वस्त्र. आडनावाकडे दोष नाही, त्या आडनावाचे हजारो लोक सरळ आयुष्य काढतात. दोष आमच्या मानेचा आहे.

आता गंमत पुढेच आहे. फसवताना त्याने मोठ्यांची नावे घेतली. पण जेव्हा सुटायची पाळी आली तेव्हा कोणाचे नाव घेतले? लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी! म्हणजे घरात शिरायला कॅप्टन आणि शास्त्री, आणि कोर्टातून निसटायला आपला साधा बाजारातला माणूस. साध्या माणसाला एवढी कारस्थाने कुठून सुचणार, असे न्यायाधीशास वाटावे हा त्याचा डाव. आमच्या साधेपणाचाही त्याने बुरखाच केला. या नाटकातली ही खोच टाळ्यांच्या गडगडाटात बहुधा ऐकूच येत नाही.

चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय पाडणारे कारागीर आहेत, त्यांना आमचे म्हणणे लगेच समजेल. पत्र्यावर नक्षी उठते ती आधी डायमध्ये कोरलेली असते. भामटा येतो तो नुसता पत्रा घेऊन. डाय आमच्या घरात आजोबांच्या काळापासून कोरून ठेवलेली असते: साहेब असा दिसतो, महाराज असा बोलतो, मोठ्या घरचा जावई असा चालतो. तो फक्त पत्रा ठेवतो, ठोका आम्हीच घालतो.

हल्ली त्या कॅप्टनने फोन घेतला आहे. पडद्यावर पोलिसाचा गणवेश दिसतो, पाठीमागे ठाण्यासारखी भिंत दिसते, आणि दरडावून सांगितले जाते की तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे, पैसे पाठवा. असली अटक आपल्या कायद्यात नाहीच. खुद्द पंतप्रधानांना 27 ऑक्टोबर 2024 रोजी आकाशवाणीवरून हे सांगावे लागले. दुसरा प्रकार नोकरीवाल्याचा. गळ्यात ओळखपत्राची दोरी, तोंडात साहेबांची नावे, कायम नोकरी लावतो म्हणून बैल किंवा दागिना विकून आणलेले पैसे घ्यायचे. त्याला कागद दाखव म्हणायला आमचा माणूस लाजतो. साहेब रागावतील म्हणे!

आणि कागद कोणाला मागतात? कातकऱ्याला. त्याचे घर पावसाळा सरला की वीटभट्टीवर, पाऊस लागला की परत पाड्यावर. जमातीच्या दाखल्यासाठी त्याला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आज्याचे नाव कोणी शाळेत घातले नाही, त्याने तो कोठून आणावा? इकडे खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या राखीव जागा बळकावणाऱ्यांची प्रकरणे इतकी साचली की सर्वोच्च न्यायालयाला 6 जुलै 2017 रोजी निकाल द्यावा लागला, दाखला खोटा ठरला तर नोकरीही जाईल. खरा वारली-कातकरी दारात ताटकळतो आणि सोंगाड्या वर्षानुवर्षे खुर्चीवर बसतो, हे लखोबाच्या पाचही सोंगांहून मोठे सोंग आहे, आणि त्यावर कोणी टाळ्या देत नाही.

कायदा नाही असे नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास कलम 319 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. खरी ओळख दडवून लग्न लावणे व त्या फसवणुकीने शरीरसंबंध ठेवणे यास कलम 69 प्रमाणे दहा वर्षांपर्यंत. फोनवरच्या भामट्यासाठी 1930 हा क्रमांक आहे. पण सोयरीक ठरवताना मुलाच्या गावी दोन माणसे पाठवायला, त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन विचारायला कलम लागत नाही, एसटीचे भाडे लागते. मांडवावर लाख रुपये उडवणारे आमचे लोक तेवढ्या भाड्याला कंजूष होतात, याचा आम्हांस राग येतो.

नाटकात त्या भामट्याभोवती फास आवळतो तो फसलेली माणसे एकामागून एक साक्षीला उभी राहतात म्हणून. आमच्याकडे तेथेच घोडे अडते. मुलगी फसली की बाप म्हणतो, गाव हसेल, गप्प बस. ती गप्प बसते आणि तो इसम पुढच्या तालुक्यात दुसरे नाव घेऊन मांडवात बसतो. तुमच्या आळीत अशी कोणी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईने तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जावे, आणि वाटेत ‘तुला कळले कसे नाही’ असे विचारू नये. ते तिला आधीच पुष्कळांनी विचारून झालेले असते.