यमूचं दुःख हरिभाऊंनी भोगलं होतं का?

‘जे भोगलं नाही ते लिहू नका,’ असा उपदेश हल्ली कथालेखनाच्या शिबिरांतून सर्रास होतो. परवा एका मान्यवरांनी तर कल्पनेला सरळ चोरीच ठरवलं. त्यांचं म्हणणं असं: कथेचा उगम एकच, लेखकाचं स्वतःचं जगणं, बाकी सगळं उसनं, म्हणून खोटं.

मग हरिभाऊ आपट्यांचं काय करायचं? ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूची आत्मकथा. कोवळ्या वयातलं लग्न, सासरचा जाच, वैधव्य, बळजबरीने केलेलं केशवपन, सगळं ती स्वतःच्या तोंडाने सांगते. १८९०मध्ये ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ २६ वर्षांचे होते. बाईचं वैधव्य आणि न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. तरी माजघरात काय दडपलं जातंय ते त्यांनी ऐकलं आणि मनाला लावून घेतलं. यमू भाषण करत नाही. घरातली बाई बोलेल तशी बोलते, एका आठवणीतून दुसरीत शिरते. अशी बोली कान उघडे ठेवल्याशिवाय लेखणीत उतरत नाही. त्या काळी किती विधवांच्या हाती लेखणी होती? मान्यवरांचा नियम हरिभाऊंनी पाळला असता तर यमू मुकीच राहिली असती, आणि हे मान्यवरांना चाललं असतं!

अशा वेळी अण्णाभाऊ साठे हमखास पुढे केले जातात. कल्पनेच्या भराऱ्या आपल्याला जमत नाहीत, असं ते स्वतःच सांगत, हे खरं. पण ‘फकिरा’तलं (१९५९) इंग्रजी अमलाविरुद्धचं बंड त्यांनी कुठे केलं होतं? ते त्यांच्यापर्यंत आलं आपल्या माणसांच्या तोंडून. ‘ययाति’ या कादंबरीचं बीज तर महाभारतातलं.

कलेसाठी कला की जीवनासाठी, या वादातही दोन्ही बाजूंनी लेखकाला हुकूमच सोडले. ‘भोगलं तेच लिहा’ हा नियमही त्याच घराण्यातला.

ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच लिहिलं, त्यांचा राग मात्र रास्त आहे. बाबुराव बागुलांच्या कथेला जे सांगता आलं ते बाहेरच्याला जमलं नसतं. पण त्यातून दुसऱ्यांच्या ऐकण्यावर बंदी निघत नाही.

दुसऱ्याच्या दुःखाने झोप उडाली की कथा सुचते, असं मी मानतो. ते दुःख शेजारघरचं असेल, आजीने सांगितलेलं असेल, पोथीतलंही असेल. नव्याने लिहिणाऱ्यांनो, भोगल्याचा दाखला मागणाऱ्यांना उत्तरं देत बसू नका. माणसं बोलतात तिथे जाऊन बसा, ऐका, आणि हरिभाऊ वाचा.