मन दुभंगले, म्हणजे काय?

एखादा मुलगा सकाळी एक आणि दुपारी दुसरेच बोलला की कुणीतरी म्हणते, ‘हा स्किझोफ्रेनिक दिसतो!’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

स्किझोफ्रेनिया हे नाव १९०८ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी ‘फुटणे’ व ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनवले. मराठीत आपण ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. विचार आणि भावना यांची सांगड सुटते, असे त्यांना म्हणायचे होते. लोकांनी मात्र एका शरीरात दोन माणसे, असा अर्थ लावला.

मेंदूला उजवा व डावा असे दोन अर्धगोल आहेतच. मग त्यांची ताटातूट झाली की काय? तसे नाही. सुमारे २० कोटी तंतूंचा एक पूल त्यांना जोडतो. त्याचे नाव कॉर्पस कॅलोझम. पॉफेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली त्यावरील प्रवासाचा वेळ मोजण्याची युक्ती काढली. नजर समोर स्थिर असताना डावीकडे दिवा चमकला, तर खबर प्रथम उजव्या अर्धगोलात पोचते. डावा हातही त्याच्याच ताब्यात असतो. पण उजव्या हाताने बटण दाबायचे, तर निरोपाला पूल ओलांडावा लागतो. त्यासाठी सरासरी ३ ते ४ सहस्रांश सेकंद जास्त लागतात!

स्किझोफ्रेनियात हा वेळ बदलतो का? काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत नाही. एमआरआय चित्रांत रुग्णांच्या या तंतूंच्या रचनेत थोडा फरक आढळतो, पण तो सरासरीचा. दोन वर्गांच्या सरासरी उंचीत एक सेंटिमीटरचा फरक असेल, तर एका मुलाची उंची मोजून त्याचा वर्ग ओळखता येईल का? तसेच मेंदूचे नुसते चित्र पाहून या आजाराचे निदान करता येत नाही.

म्हणजे पूल तुटलेला नाही आणि माणसेही दोन नाहीत. भास आणि भ्रम यांनी त्रासलेला तो एकच माणूस आहे, आणि औषधे व घरच्यांचा आधार यांमुळे पुष्कळ जण सावरतात. जपानने २००२ साली ‘मन दुभंगण्याचा रोग’ हे जुने नाव टाकून नवे नाव स्वीकारले, कारण त्या शब्दाने रुग्णाला लाज वाटे. आपण नाव बदलू तेव्हा बदलू. पण माझे मत असे की, त्याची शिवी करणे आपल्याला आजच थांबवता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.