खरूज गेली, गाठी राहिल्या. आता लावायचे काय?

वस्तीत फिरताना बायका आम्हाला हळूच विचारतात, "ताई, मलम दोनदा लावलं, पोरांची खाज गेली. पण ह्यांच्या जांघेतल्या गाठी जात नाहीत." पुरुष स्वतः सांगत नाहीत, लाजतात. मग मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब घरात येते.

खरजेचा किडा मेल्यावरही कातडी चिडलेलीच राहते. म्हणून काखेत, जांघेत, अंडकोशावर खाजऱ्या गाठी काही आठवडे, कधी काही महिने टिकतात. मात्र नवे पुरळ उठत असेल, घरातले इतरही रात्री खाजवत असतील, तर किडा जिवंत आहे. तेव्हा सगळ्या घराचा उपचार एकाच दिवशी पुन्हा करावा लागतो.

परमेथ्रिन किडा मारते, गाठ विरवत नाही. ते रोज चोळले तर कातडी कोरडी पडून खाज वाढते. कॅलामाइनने थंडावा मिळतो, तेवढेच. गाठ बसते ती मोमेटासोन, क्लोबेटासोल अशा स्टेरॉइड मलमाने. पण फक्त गाठीवर, मोजके दिवस आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जांघेची कातडी मुळात नाजूक. जास्त दिवस लावले तर ती पातळ होते, कायमचे ताणाचे वळ पडतात. टॅक्रोलिमसने कातडी पातळ होत नाही. पण सुरुवातीला जळजळ होते, गुण हळू येतो आणि खर्चही जास्त. हट्टी गाठीत डॉक्टर इंजेक्शन देतात.

आमचे मत स्पष्ट आहे: स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब स्वतःच्या मनाने घेणे हा सर्वांत वाईट मार्ग. खाज दबते, किडा असेल तर तो पसरतच राहतो. चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब मागू नका, कोणी दिली तरी घेऊ नका.

आणखी एक. खरूज म्हणजे घाणेरडेपणा, हे ऐकून घेऊ नका. एका खोलीत सहा-सात माणसे अंगाला अंग लावून झोपतात, म्हणून ती पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. तेव्हा सरकारी दवाखान्यात एका ट्यूबवर परतू नका. घरातल्या प्रत्येकासाठी औषध मागा. आणि भगिनींनो, गाठी दाखवायला घरधन्यालाही सोबत न्या. लाजेपायी महिनोन्महिने खाजवत बसण्यापेक्षा दहा मिनिटांची तपासणी बरी.