सज्ज्यांतील वांगीं आणि लाल कोळी

राणीची बाग १८६२ सालीं ज्या भायखळ्यांत उघडली, तेथील चाळींच्या सज्ज्यांतही आतां कुंड्यांतून वांगीं, भेंडी पिकतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु उन्हाळ्यांत पानांवर फिकट ठिपके व खालीं बारीक जाळें दिसतांच किडीचें औषध फवारण्याची घाई होते. ही चूक आम्हींही केली. पंधरवड्यांत जाळें वाढलेंच.

कारण उघड आहे. लाल कोळी हा कीटक नव्हे. आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटराएवढा जीव तो. कीटकांचीं बहुतेक विषें त्यास पुरेशीं बाधत नाहींत. त्यास खाणारे ढालकिडे व भक्षक कोळी मात्र मरतात. उष्ण, कोरड्या हवेंत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उभी राहते.

आमचें मत असें कीं, ज्या झाडाचें फळ उद्यां मुलांच्या ताटांत जावयाचें, त्यावर विष हा पहिला उपाय नसावा. फार ग्रासलेलीं पानें खुडावींत. दर दोन-तीन दिवसांनीं पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनें धुवावी. न भागल्यास साबणाच्या पाण्यांत मिसळलेलें निंबोळी तेल सायंकाळीं फवारावें. मळेवाल्या वाचकांनींही हें ध्यानीं घ्यावें. वांग्याचें शेत एकरभर असो वा कुंडीभर, कोळ्याचा स्वभाव एकच.