मोफत लशीची किंमत

एखाद्या बाळाचे लसीकरण अर्धवट राहिले की आपले निदान बहुधा ठरलेले असते: पालक अडाणी, नाहीतर घाबरलेले. उपायही ठरलेला, समुपदेशन. हे निदान बऱ्याच वेळा चुकते, असे आमचे मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या ७६.४ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ६२ टक्के होते. प्रगती मोठी आहे. पण उरलेल्या मुलांमध्ये एकही लस न मिळालेली मुले थोडी. बहुतेकांना काही ना काही डोस मिळालेले आहेत. त्यांच्या घरच्यांनी लशीला नकार दिलेला नाही. ते एकदा आले, दोनदा आले आणि पुढची खेप त्यांच्याने झाली नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत केलेला हा प्रयोग २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची व्यवस्था असलेल्या गावांत जेमतेम ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवले तिथे १८ टक्के. शिबिराला येणाऱ्याला दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस पुरे झाल्यावर ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. हे आकडे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. त्यांच्यामागचा एक तपशील मात्र कमी बोलला जातो. निदान एक तरी लस घेतलेल्या मुलांचे प्रमाण शिबिरांच्या दोन्ही गटांत जवळपास सारखे, तीन चतुर्थांशाच्या आसपास होते. म्हणजे डाळीने कुणा विरोधकाचे मन वळवले नाही. पहिल्या खेपेला आपणहून आलेली आई चौथ्या-पाचव्या खेपेलाही आली, एवढेच डाळीने केले. किलोभर डाळीने जो निर्णय बदलतो, तो ठाम भीतीतून घेतलेला असणे कठीण आहे. तो त्या दिवसाच्या हिशोबातून निघालेला असतो.

तो हिशोब आईच्या जागी बसून मांडायला हवा. जन्मापासून दीड-दोन वर्षांत किमान सहा खेपा. प्रत्येक खेपेचा खर्च आजचा आणि नक्की. फायदा पुढे कधीतरीचा, तोही न झालेल्या आजाराचा, म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणारा. बीडहून फडावर गेलेल्या ऊसतोड जोडप्याचा दिवस बुडाला की खाडा लागतो आणि तो उचलीच्या हिशोबात धरला जातो. पेंटाव्हॅलंटनंतर ताप आला तर रात्र जागायची आईने, दुसऱ्या दिवशी कामाला उशीर होणार तिलाच, आणि 'खेळतं बाळ कशाला टोचून आणलंस' हे घरातल्या मोठ्यांचे बोलणेही ऐकायचे तिनेच. लस टाळली आणि गोवर झाला तर ते नशीब. लस दिली आणि ताप आला तर तो तिचा दोष. आपण काही केल्याने झालेले नुकसान, काही न केल्याने झालेल्या नुकसानापेक्षा माणसाला जड वाटते, हे इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये लसीकरणाचेच प्रश्न विचारून दाखवले होते. शिकलेली माणसेही याला अपवाद नसतात.

या खर्चात आपणही भर घालतो. मुले कमी जमली म्हणून गोवर-रुबेलाची कुपी फोडायची नाही, कारण द्रावण केल्यावर चार तासांत उरलेली लस टाकावी लागते. अशाने डोस वाचतात. आईची बुडालेली मजुरी आपल्या कुठल्याच तक्त्यात चढत नाही. बाळाला सर्दी आहे, बरे झाल्यावर आणा. किरकोळ सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलायची नसते, हे आपण सगळेच शिकलो आहोत. कार्ड घरी राहिले, मग पुढच्या वेळी या. अशी परत गेलेली आई पुढच्या सत्राला दिसली नाही की आपण तिला बेफिकीर म्हणतो. हा तिच्यावर अन्याय आहे.

भीती खरी असते, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा अफवा पसरल्या होत्या. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला तेव्हाही शंका घेणारे पालक होते. पण भीतीलाही माहितीचा मारा लागू पडतोच असे नाही. ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, एमएमआर लशीने ऑटिझम होत नाही हे वाचून पालकांचा गैरसमज कमी झाला. तरी ज्यांचे मन आधीच लशीविरुद्ध होते, त्यांचा लस देण्याचा इरादा उलट घटला. आमच्या मते विश्वास बसतो तो सांगितलेले खरे ठरल्यावर. आज रात्री ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉल इतके द्या, एक-दोन दिवसांत उतरेल, नाही उतरला तर या क्रमांकावर फोन करा, हे आधी ऐकलेल्या आईला रात्री घरात उत्तर देता येते.

खासगी दवाखान्यात खर्चाचे रूप वेगळे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात देशभर मोफत देण्यास सुरुवात झाली. बाजारात काही कंपन्यांच्या एका डोसला हजारो रुपये पडतात. ती मोफतही मिळते हे पालकांना सांगणे आपले कर्तव्य आहे. 'न दुखणारी' म्हणून दिली जाणारी असेल्युलर लस ताप कमी आणते, पण डांग्या खोकल्यापासूनचे तिचे संरक्षण लवकर ओसरते. हे दुसरे वाक्यही तेवढ्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. लस सुचवणारा आणि तिच्या विक्रीवर नफा मिळवणारा एकच आहे, हे पालकांना कळते. तिथून सुरू झालेला संशय मोफत लशींपर्यंतही पोचतो.

राहिला डाळीवरचा आक्षेप: ही लाच आहे, आणि उद्या पालक त्याशिवाय येणार नाहीत. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई करणे ही लाच कशी? संस्थेत बाळंतपण व्हावे म्हणून जननी सुरक्षा योजनेत २००५ पासून आपण पैसे देतोच. उदयपूरला डाळीच्या गटात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलामागचा खर्च उलट निम्म्यावर आला, कारण परिचारिका तेवढाच वेळ बसली आणि मुले दुपटीने पूर्ण झाली. अर्थात तिथेही ६० टक्क्यांहून अधिक मुले अपुरीच राहिली, आणि गोवर रोखायला तर ९५ टक्के हवेत. म्हणून फडावर, वीटभट्टीवर, मजूर वस्तीत कामाची वेळ संपल्यावर सत्र घेणे आणि एका बाळासाठीही कुपी फोडणे याला पर्याय नाही. या महिन्यापासून प्रत्येक केंद्राने आणि दवाखान्याने नोंदवहीत एक रकाना वाढवावा, 'लस न देता परत पाठवले' असा, आणि त्यापुढे कारण लिहावे. सहा महिन्यांच्या या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. केंद्रांची नावे न देता त्या याच पानांवर छापू.