राक्षसांचं संगीत, अवतारांची बाजू

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम मार्च २०१७ मध्ये आला. दहा गाणी, दहा अवतार. पहिलं मत्स्याचं, पाचवं वामनाचं, सहावं परशुरामाचं, नववं बुद्धाचं, शेवटचं कल्कीचं. मी तो अनेकदा ऐकला आहे आणि वाजवणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार या यादीबद्दल आहे. ती इतक्या सहजपणे ‘आपली’ कशी ठरते, हा माझा प्रश्न आहे.

कारण ही यादी आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच तपासून झाली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती नेमकी याच क्रमाने. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात आणि एकेक अवतार आक्रमणाच्या इतिहासातला एकेक टप्पा होऊन समोर येतो. तिथे वामन हा देव नसतो, बळीचं राज्य बुडवणारा असतो. ज्यांच्या घरातल्या बाया अजूनही बळीचं राज्य येवो म्हणतात, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

नववं गाणं तर थेट आपल्याशी संबंधित आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं साफ नाकारते. त्या दिवशी जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, अठरा दिवसांनी वेगळे झाले. रांझीतल्या आमच्यासारख्या मराठी बौद्ध घरांत ही प्रतिज्ञा भिंतीवर चौकटीत असते, पाठ असते. तिच्यासाठी आमच्या आजी-आजोबांनी नातेवाइकांशी आणि शेजाऱ्यांशी वैर पत्करलं. एका अल्बमच्या अनुक्रमणिकेत बुद्ध पुन्हा नवव्या जागी जाऊन बसतो, तेव्हा त्यांनी काय पुसलं होतं हे ऐकणाऱ्याला कळतही नाही.

‘अगं, फक्त संगीत आहे ते,’ हे वाक्य मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर बऱ्याचदा ऐकलं. म्हणून संगीताबद्दलच बोलू.

मेटल हे कारखान्याच्या गावातून आलेलं संगीत आहे. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज घडत गेला. गायक ऑझी ऑस्बॉर्नने कत्तलखान्यात काम केलं होतं. माझे आजोबा भंडाऱ्याहून रांझीला आले ते व्हेईकल फॅक्टरीत, जिथे सैन्याचे शक्तिमान ट्रक बनत. भोंगा, शिफ्ट, हातावरचे डाग हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणजे या संगीतावर हक्क सांगायला आम्हाला इंग्रजी शाळेचा दाखला लागू नये. भारतात मात्र महागडी गिटार, ॲम्प आणि सरावाची खोली ज्यांना परवडली, बहुतेक त्यांच्याच घरातल्या गोष्टी या संगीतात आल्या.

दुसरी गोष्ट बाजूची. युरोपात १९९० च्या सुमारास मेटलवाल्यांनी चर्चविरुद्ध जुने, हरलेले देव उभे केले. स्वीडनच्या ‘बाथोरी’चा ‘हॅमरहार्ट’ त्याच वर्षीचा. त्या लाटेत चर्च जाळण्यासारखं बरंच घातकही होतं आणि वंशवादही होता, तो नाकारायचं कारण नाही. पण त्यांचा दावा निदान हरलेल्यांच्या बाजूचा होता. तोच दावा इथे प्रामाणिकपणे लावला, तर गाणं बळीचं व्हायला हवं, हिरण्यकश्यपूचं व्हायला हवं. आपल्याकडे अवतार हरलेले नाहीत, ते मंदिरात आहेत, कॅलेंडरवर आहेत, सत्तेत आहेत. ज्या बँडच्या नावातच राक्षस आहे, ज्याच्या २०१४ च्या अल्बमचं नाव ‘द डीमन किंग’ आहे, त्याने पुढच्याच अल्बमसाठी राक्षस मारणाऱ्यांची यादी निवडावी, यातली गंमत कुणाला जाणवली नाही. सैतान परदेशी असेल तर बंडखोरी, असुर इथला असेल तर खलनायक.

हे त्या कलावंतांच्या मनातल्या द्वेषातून आलं, असं मी म्हणत नाही. बँडचा प्रमुख साहिल मखिजा यानेच २०२३ मध्ये ‘डेमनस्टीलर’ या नावाने ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम काढला आणि त्यात फॅसिझमविरोधी गाणी आहेत. माझा मुद्दा त्यामुळे अधिकच पक्का होतो. राजकीय प्रचार ओळखणाऱ्या माणसालाही पुराणातला प्रचार ‘आपली संस्कृती’ वाटू शकतो. ब्राह्मणी वर्चस्व चालतं ते असंच. ते मत म्हणून समोर येत नाही, कच्चा माल म्हणून हाताशी येतं.

आणि या कच्च्या मालाला हात कुणी लावायचा, हेही ठरलेलं असतं. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केलं, तेव्हा राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका म्हणून गदारोळ झाला. दलित संघटनांना मुंबईच्या रस्त्यावर उतरावं लागलं. शेवटी परिशिष्ट राहिलं, पण शासन त्याच्याशी सहमत असेलच असं नाही, अशा टिपेसह. राम-कृष्णाला डिस्टॉर्शनवर चढवलं तर प्रयोग, त्यांना प्रश्न विचारला तर भावना दुखावतात.

घरातून पहिल्यांदा कॉलेजात पोचलेल्या आपल्या पोरापोरींना आवडीनिवडीही परीक्षेसारख्या द्याव्या लागतात. कुठला बँड ऐकतेस, यावरून टोळीत जागा मिळते, आणि ती टिकवायची म्हणून आपण गाण्यातलं खटकलेलं गिळतो. गिळू नका. ‘दशावतार’ जरूर ऐका, पण शेजारी ‘गुलामगिरी’ उघडी ठेवा. चेन्नईत २०१८ साली ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गाना, रॅप आणि रॉक एकत्र आणून जातीवर थेट गाणी केली. आपल्यामागे तर सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची परंपरा आहे, जी अवतारांची खिल्ली उडवतच गावोगाव फिरली. तिला एक डिस्टॉर्शन पेडल जोडायचं बाकी आहे. बळीच्या बाजूने लिहिलेला मेटल अल्बम मराठीत व्हायला हवा, आणि तो रांझी, इंदोरा, चेंबूर अशा वस्त्यांतून आला तर त्याच्या आवाजातला कारखाना कुणाला उसना आणावा लागणार नाही.